बेडसोअरवर पपेनचं मलम: पेरॉक्साइड आणि सिल्व्हर क्रीम सोबत चालतं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

माझ्या सासऱ्यांबद्दल विचारायचं आहे. नाना ७८ वर्षांचे आहेत, जुना मधुमेह. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालं, त्यानंतर पडून राहिल्यामुळे माकडहाडावर बेडसोअर झाला. रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे, म्हणून सर्जन म्हणाले की कापाकापी नको, पपेन (कच्च्या पपईच्या चिकातलं, प्रथिनं तोडणारं एन्झाइम) आणि युरियाचं मलम लावू, मेलेलं मांस हळूहळू सुटेल.

जखमेच्या कडेला लाल, ओलसर, जिवंत मांस दिसतं. मधोमध मात्र पिवळट-करडा थर बसलाय. चिमट्यात धरला की ताणला जातो आणि मधेच तुटतो, बुडापासून काही निघत नाही.

ड्रेसिंगला घरी सिस्टर येतात. आधी हायड्रोजन पेरॉक्साइड ओतून फेस येऊ देतात, मग पपेनचं मलम, आणि जंतुसंसर्ग नको म्हणून त्यावर सिल्व्हर सल्फाडायझिन, म्हणजे चांदीचं जंतुनाशक क्रीम. थर आहे तसाच आहे. मलमाच्या खोक्यातला कागद वाचला, तर त्यात लिहिलंय की पेरॉक्साइडनं आणि चांदी, शिसं, पारा यांच्या क्षारांनी पपेन निकामी होतं. सिस्टर म्हणतात, "ताई, आम्ही वर्षानुवर्षं असंच करतो." नानांना त्या इतक्या हळुवार कुशीवर वळवतात की त्यांना दुखवायची माझी अजिबात इच्छा नाही. पण मग आम्ही रोज औषध लावून लगेच ते मारतोय का?

दुसरं असं, की आम्ही शहाद्याचे, पपईच्या बागा घरच्याच. आत्याबाईंचं म्हणणं, कच्च्या पपईचा चीक थेट लावा. तोडणीच्या दिवसांत चिकानं मजुरांच्या बोटांची सालटी निघालेली मी पाहिली आहेत, त्यामुळे धीर होत नाही. पण गांबियात बांजुलच्या रुग्णालयात भाजलेल्या मुलांच्या जखमांवर पपईचा गर कुस्करून लावत, असंही वाचलं. जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद: जुना_सर्जन

ताई, कागद बरोबर आहे. पपेनच्या रेणूत गंधकाचा एक गट असतो, प्रथिनं तोडायचं काम त्याच्या जोरावर चालतं. पेरॉक्साइड त्याचं ऑक्सिडीकरण करतं, चांदी त्याला चिकटून बसते. दोन्हीकडून एन्झाइम बाद. युरियाचं काम वेगळं, मेलेल्या प्रथिनांच्या घड्या तो उलगडतो, म्हणजे पपेनला आत शिरता येतं. जिवंत मांसाला रक्तपुरवठा असतो आणि रक्तात अशा एन्झाइमांना आवर घालणारी प्रथिनं असतात, म्हणून ते बरंचसं वाचतं.

अननसाच्या खोडातल्या ब्रोमेलेनचंही असंच आहे. भाजलेल्या जखमांसाठी त्याचं औषध युरोपात २०१२ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये मंजूर झालं. ४ तास ठेवून खरवडून काढतात. त्याच्या सूचनेतही आधी लावलेलं सिल्व्हर सल्फाडायझिन किंवा पोव्हिडोन आयोडीन काढून टाका असं स्पष्ट आहे.

तेव्हा जखम नुसत्या नॉर्मल सलाइननं धुवा. पूर्वीच्या सिल्व्हर क्रीमचा अंश राहू देऊ नका. मलम फक्त पिवळ्या थरावर, भोवतीच्या चांगल्या कातडीला झिंक ऑक्साइड. मात्र सिल्व्हर बंद करायचं की नाही हे तुमच्या सर्जननाच ठरवू द्या, जंतुसंसर्ग असेल तर बेत बदलतो. सिस्टरांना तुम्ही काही सांगू नका. सर्जनकडून चिठ्ठीवर "फक्त सलाइन, मग मलम" असं लिहून आणा, म्हणजे कुणाचा मान जात नाही.

चीक नकोच. बांजुलमध्ये वापरला तो गर, तोही रुग्णालयात, डॉक्टरांच्या नजरेखाली. झाडावरच्या चिकात एन्झाइम किती हे कळायला मार्ग नाही आणि तो निर्जंतुकही नसतो. शिवाय ॲलर्जी. अमेरिकेत पपेनची मलमं मंजुरीविनाच विकली जात होती. रक्तदाब कोसळण्यासारख्या गंभीर प्रतिक्रिया नोंदवल्या गेल्यावर २००८ मध्ये ती बंद करायला लावली. नानांना रबरी हातमोज्यांनी किंवा पपई खाऊन कधी पुरळ उठलंय का, हे आधी विचारा.

प्रतिसाद: माईची_लेक

माझ्या आईचं दोन वर्षं केलंय म्हणून सांगते. मलम कितीही चांगलं असो, त्याच जागेवर भार पडत राहिला तर नवं मांस मरतं. एअर मॅट्रेस घ्या, रात्रीसुद्धा दर दोन तासांनी कूस बदला. आणि नाना जेवतात किती? डाळ, अंडी, दूध पोटात गेल्याशिवाय जखम भरायला काही उरत नाही. मलम लावल्यावर थोडा वेळ चुरचुरतं, आई कळवळायची. ड्रेसिंगच्या आधी वेदनाशामक देता येईल का, तेही विचारून ठेवा.

धागाकर्ती

दोघांचे मनापासून आभार. चिठ्ठीची युक्ती फारच चांगली, उद्याच सर्जनना भेटते. नाना पपई आयुष्यभर खात आलेत, कधी त्रास नाही, हातमोज्यांचं विचारते. अजून एक: उजव्या टाचेवर काळी, कोरडी, टणक खपली आहे. तिच्यावरही हेच मलम लावू का?

प्रतिसाद: जुना_सर्जन

नाही, टाचेला हात लावू नका. मधुमेह आहे, आधी पायाचा रक्तपुरवठा डॉप्लरवर पाहून घ्या. तो कमी असेल तर कोरडी घट्ट खपली हेच झाकण असतं. मऊ करून काढली की उघडी जखम राहते आणि ती भरत नाही. तोवर पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. खपलीच्या कडेनं पाणी सुटलं, लाली पसरली, वास आला किंवा ताप चढला, तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता त्याच दिवशी दाखवा.