बिंदू चौक ते विद्यापीठ: सूर्यमालेच्या वाटेवर उपग्रहांना जागा हवी की नको?

मूळ लेख: सागरमाळ

कोल्हापुरातील बिंदू चौकापासून शिवाजी विद्यापीठाच्या दिशेने रस्त्याकडेला सूर्यमालेची प्रमाणबद्ध प्रतिकृती उभारावी, असा विचार आपल्याकडील काही शिक्षकांनी आणि विज्ञानप्रेमी नागरिकांनी मांडला आहे. एक मीटर म्हणजे दहा लाख किलोमीटर हे प्रमाण धरले आहे. त्यानुसार बिंदू चौकात सुमारे १.४ मीटर व्यासाचा सूर्य बसेल, तेथून १५० मीटरवर पृथ्वी येईल, पाऊण किलोमीटर ओलांडल्यावर गुरू भेटेल आणि साडेचार किलोमीटर चालल्यावर नेपच्यून. कल्पना उत्तम आहे आणि ती प्रत्यक्षात यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. माझा आक्षेप एकाच गोष्टीला आहे. आराखड्यात आठ ग्रहांचे आठ खांब आहेत आणि उपग्रहांपैकी केवळ आपला चंद्र घेतला आहे.

असे खांब पाहत चालणारे मूल मनाशी काय घेऊन जाईल? सूर्याजवळ ऊब आहे, दूर जावे तसा गारठा वाढतो आणि मंगळाच्या पलीकडे वायूचे प्रचंड गोळे सोडले तर पाहण्यासारखे काही नाही, हेच. आपल्या आजोबांच्या पाठ्यपुस्तकात हेच होते आणि तेव्हा त्याला इलाज नव्हता. आज मात्र आपल्याला आयो ठाऊक आहे. सूर्यापासून सुमारे ७८ कोटी किलोमीटरवर, जिथे सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सत्ताविसाव्या हिश्श्याइतका उरतो, तिथे गुरूच्या या उपग्रहावर चारशेहून अधिक जागृत ज्वालामुखी आहेत. ही उष्णता सूर्याची नाही. आयोच्या चार प्रदक्षिणा होतात तेवढ्या वेळात गुरूच्याच युरोपा या उपग्रहाच्या दोन आणि गॅनिमिड या उपग्रहाची एक होते. या ठरलेल्या तालामुळे आयोची कक्षा कधी पूर्ण वर्तुळाकार होऊ शकत नाही, त्याचे गुरूपासूनचे अंतर सतत कमीजास्त होत राहते आणि गुरूच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचे अंतरंग पिळले जाऊन तापते. पील, कॅसन आणि रेनॉल्ड्स या तिघा शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ मध्ये हे गणिताने मांडले आणि त्यानंतर काही दिवसांतच व्हॉयेजर-१ यानाच्या छायाचित्रात आयोवरील उद्रेकाचा फवारा दिसला.

याच पिळवटीमुळे युरोपाच्या बर्फाखाली पाण्याचा समुद्र टिकून असल्याचे मानले जाते. शनीच्या टायटनवर पृथ्वीच्या दीडपट दाबाचे, प्रामुख्याने नायट्रोजनचे वातावरण आहे; उणे १७९ अंश सेल्सिअस तापमानात तिथे मिथेनचा पाऊस पडतो, नद्यांनी पात्रे कोरली आहेत आणि सरोवरे भरली आहेत. ज्यांच्या पृष्ठभागावर आज द्रव स्थिरपणे साचून राहते अशा जागा सूर्यमालेत आपल्याला दोनच ठाऊक आहेत. एक पृथ्वी आणि दुसरी टायटन. ती वगळून सूर्यमाला दाखवणे मला मान्य नाही.

यासाठी वेगळे खांबही लागत नाहीत. या प्रमाणात आयो गुरूपासून ४२ सेंटिमीटरवर, युरोपा ६७ वर, गॅनिमिड एक मीटर सातवर आणि कॅलिस्टो एक मीटर अठ्ठ्याऐंशीवर येतो. म्हणजे चार मीटर व्यासाच्या चौथऱ्यावर गुरूचे हे चारही मोठे उपग्रह मावतात. टायटनपुरता शनीला तर त्याहून लहान चौथरा पुरेल.

प्रतिसाद: भूगोलशिक्षिका

सागरमाळ यांनी दिलेली माहिती बरोबर आहे, तरी त्यातून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मी अनेक वर्षे सूर्यमाला शिकवते आहे आणि मुलांना सर्वांत अवघड जाते ती अंतरांची जाणीव. पुस्तकातील चित्रात आठ गोळे एका ओळीत चिकटून बसलेले असतात आणि ते चित्र डोक्यातून निघता निघत नाही. ते काढून टाकण्याची ताकद फक्त चालण्यात आहे. सूर्यापासून मंगळापर्यंतचे चार खांब २२८ मीटरमध्ये संपतात, त्यानंतर गुरूपर्यंत साडेपाचशे मीटर काही नाही, शनीपर्यंत आणखी साडेसहाशे मीटर काही नाही आणि युरेनस ते नेपच्यून हे अंतर तर दीड किलोमीटरहूनही जास्त आहे. हे रितेपण हाच या प्रतिकृतीतील धडा आहे. या प्रमाणात प्रकाश सेकंदाला अवघा तीस सेंटिमीटर सरकतो. साधे चालणारे मूल सूर्यापासून पृथ्वीपर्यंत दोन मिनिटांत पोहोचेल आणि प्रकाशाला सव्वाआठ मिनिटे लागतील. नेपच्यूनच्या खांबापाशी उभे राहून ‘इथवर यायला प्रकाशाला चार तासांहून जास्त वेळ लागतो’ असे सांगितले की वर्ग शांत होतो. अशा वेळी प्रत्येक चौथऱ्यावर दहा मण्यांची गर्दी आणि दहा नावांची पाटी असेल, तर मुले नावे उतरवून घेत बसतील आणि चालायचे राहून जाईल.

दुसरा मुद्दा अधिक मूलभूत आहे. सूर्याभोवतीची जागा ही केवळ क्रमवारी नाही, त्या जागेत ग्रहाच्या जन्माची कथा आहे. ज्या अंतराच्या आत पाणी बर्फाच्या रूपात टिकू शकत नव्हते तिथे खडकाळ ग्रह झाले. त्यापलीकडे बर्फाचीही भर मिळाल्याने मोठे गाभे तयार झाले आणि त्यांनी वायू ओढून घेतला. ही मांडणी आठ खांबांतून आपोआप समजते. वस्तुमानाचा हिशेब केला तर सगळ्या ग्रहांचे सगळे उपग्रह मिळून पृथ्वीच्या जेमतेम दहाव्या भागाइतके भरतात आणि एकटा गुरू ३१८ पृथ्व्यांइतका आहे. गॅनिमिडचा व्यास बुधापेक्षा मोठा आहे, हे नेहमी सांगितले जाते. त्याचे वस्तुमान बुधाच्या निम्म्याहूनही कमी आहे, हे मात्र राहून जाते.

कोल्हापूरच्या माणसाला तर कक्षेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महालक्ष्मीच्या मंदिरातील किरणोत्सव नोव्हेंबरमध्ये ९ ते ११ तारखेला आणि पुन्हा ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात होतो. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेच्या टोकाला असतो आणि हे दोन्ही कालखंड त्याच्या अलीकडे-पलीकडे सुमारे सहा-सहा आठवड्यांवर येतात, म्हणून मावळता सूर्य दोन्ही वेळा क्षितिजावरील त्याच जागी येतो आणि किरण गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात. पृथ्वीचे सूर्याभोवती फिरणे आपल्या गावात इतके ठळक दिसते. मुलांना आधी हे नीट समजू द्यावे आणि आयोचे ज्वालामुखी वर्गात शिकवावेत.

प्रतिसाद: उद्यमनगर

माझा व्यवसाय यंत्रभागांचा असल्यामुळे बनवण्याच्या बाजूने लिहितो. या प्रमाणात पृथ्वीचा व्यास १२.७ मिलिमीटर येतो, म्हणजे बेअरिंगमधला अर्ध्या इंचाचा छरा ही जवळजवळ तंतोतंत पृथ्वी आहे. बुध, गॅनिमिड, टायटन आणि कॅलिस्टो हे चारही पाच मिलिमीटरच्या आसपास येतात. आयो आणि चंद्र साडेतीनच्या जवळ, युरोपा तीनच्या जवळ. हे छरे आपल्या शिवाजी उद्यमनगरात कोणत्याही दुकानात मिळतील. चौदा सेंटिमीटरचा गुरू मात्र ओतून लेथवर उतरवावा लागेल. त्यामुळे उपग्रहांनी खर्च वाढेल ही भीती नसावी, खर्च आहे तो चौथऱ्यांचा. बुध आणि गॅनिमिड एकाच पेटीतल्या छऱ्यांमधून निघतात ही गोष्ट मला स्वतःला कोणत्याही पाटीपेक्षा जास्त बोलकी वाटते.

प्रतिसाद: कसबा बावडा

उपग्रह घ्यायचे ठरवले तर थांबायचे कुठे, याचे उत्तर आधी मिळायला हवे. मार्च २०२५ मध्ये शनीच्या आणखी १२८ उपग्रहांना मान्यता मिळाली आणि त्याची संख्या २७४ झाली. मोठे तेवढे घ्यावेत असे म्हणाल तर प्लूटोपेक्षा मोठे उपग्रह सातच आहेत आणि त्यात ज्याची सर्वाधिक चर्चा होते तो शनीचा उपग्रह एन्सेलॅडस बसत नाही, कारण त्याचा व्यास अवघा ५०४ किलोमीटर आहे. या प्रतिकृतीत तो अर्ध्या मिलिमीटरचा होईल, म्हणजे दिसणारही नाही.

मला वाटते, आपल्या देशाने जिथे यान पाठवले तिथे अधिक तपशील द्यावा. २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळयान मंगळाच्या कक्षेत पोहोचले आणि २३ ऑगस्ट २०२३ रोजी चंद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या प्रदेशात उतरले. हे दोन दिवस मुलांच्या घरी आईवडिलांना आठवतात. चंद्र आणि मंगळ या दोन खांबांपाशी नकाशे, छायाचित्रे आणि उतरण्याची जागा दाखवली, तर मुले तिथे थांबतील आणि प्रश्न विचारतील. टायटनविषयी प्रश्न विचारण्याइतकी ओळख त्यांना नाही.

प्रतिसाद: सागरमाळ

कसबा बावडा यांचा शेवटचा मुद्दा मी उलट बाजूने मांडतो. ओळख नाही, कारण आपण ती करून देत नाही. १४ जानेवारी २००५ रोजी हायगेन्स यान टायटनवर उतरले आणि त्याने तिथल्या जमिनीवरील गोलसर खड्यांचे छायाचित्र पाठवले. बाह्य सूर्यमालेत माणसाचे यान उतरले आहे ते अजून तेवढ्या एकाच ठिकाणी. युरोपा क्लिपर हे यान ऑक्टोबर २०२४ मध्ये निघाले असून ते २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचे आहे. युरोपीय अवकाश संस्थेचे ज्यूस यान २०३१ मध्ये तिथे जाऊन पुढे गॅनिमिडभोवती फिरणार आहे. आज पाचवीत असलेली मुले महाविद्यालयाच्या उंबरठ्यावर असतील तेव्हा या यानांची छायाचित्रे येऊ लागतील. त्या वेळी ही नावे त्यांना परकी वाटू नयेत.

थांबायचे कुठे, याचे उत्तर निसर्गानेच दिले आहे. स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने गोल झालेले उपग्रह वीसच्या आतबाहेर आहेत. शनीचे नव्याने मोजलेले उपग्रह हे बहुतांशी काही किलोमीटरचे वेडेवाकडे तुकडे आहेत आणि त्यांना पाटीवर एक ओळ पुरते. एन्सेलॅडससाठी मात्र मी आग्रह धरीन. कॅसिनी यानाने २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवावरून उसळणारे पाण्याच्या वाफेचे आणि हिमकणांचे फवारे टिपले, पुढे त्याच फवाऱ्यांतून उडून त्यांचे नमुने तपासले आणि त्यांत मीठ, सेंद्रिय रेणू, हायड्रोजन सापडला. २०२३ मध्ये जुन्या नोंदींच्या विश्लेषणातून फॉस्फेटही आढळले. पृथ्वीबाहेर जिथे समुद्राचे पाणी आपण होऊन वर येते आणि यानाला ते चाखता येते, तिथे व्यासाचा निकष लावणे मला योग्य वाटत नाही. मणी दिसत नसेल तर त्यावर भिंग बसवावे.

भूगोलशिक्षिका यांनी वस्तुमानाचा हिशेब दिला. तोच कठोरपणे लावला तर सूर्यमालेचे ९९.८ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात आहे आणि पृथ्वीचा खांबही काढावा लागेल. त्यांनी प्रकाशाच्या वेगाचे जे उदाहरण दिले ते मला फार आवडले, आणि त्याचा पाया एका उपग्रहाने घातला आहे. १६७६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ रोमर यांच्या लक्षात आले की पृथ्वी गुरूपासून दूर जात असताना आयोची ग्रहणे अपेक्षेपेक्षा उशिरा दिसू लागतात. प्रकाशाला यायला वेळ लागतो, हे माणसाला प्रथम त्यातून कळले. अंतरांचा धडा आणि उपग्रहांचा धडा वेगळे काढता येत नाहीत.

प्रतिसाद: पन्हाळावाट

हिवाळ्यात आम्ही काही जण पन्हाळ्याच्या बाजूला आकाश पाहायला जातो. गुरूचे चार मोठे उपग्रह दाखवायला मोठी दुर्बीण लागत नाही. पक्षी पाहण्याची साधी द्विनेत्री हात न हलवता धरली की ते ठिपक्यांसारखे ओळीत दिसतात. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओने जे पाहिले ते आजही पाहता येते, आणि आयोची प्रदक्षिणा साडेबेचाळीस तासांची असल्यामुळे संध्याकाळी पाहिलेली रचना मध्यरात्रीपर्यंत बदललेली असते. सूर्याभोवती पृथ्वी फिरते हे समजायला बाईंनी सांगितलेला किरणोत्सव हवा, पण त्यासाठी दोन तारखांमधले महिने मनात धरावे लागतात. एक वस्तू दुसरीभोवती फिरताना एका रात्रीत पाहायची असेल, तर गुरूखेरीज दुसरी सोय नाही. म्हणून गुरूच्या चौथऱ्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. शनीबाबत मी तितका ठाम नाही. लहान दुर्बिणीतून टायटन दिसतो, पण एन्सेलॅडससाठी बरीच मोठी दुर्बीण लागते.

प्रतिसाद: भूगोलशिक्षिका

पन्हाळावाट यांचा मुद्दा मला पटला. मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी ताडून पाहता येईल अशी गोष्ट चौथऱ्यावर असावी, त्यामुळे गुरूचे चार उपग्रह घेण्यास माझी हरकत नाही. रोमर यांचे निरीक्षणही तिथेच सांगता येईल. टायटनलाही मी विरोध करणार नाही, कारण १६५५ मध्ये खगोलशास्त्रज्ञ हायगेन्स यांना तो त्या काळच्या दुर्बिणीतून सापडला होता.

युरेनस आणि नेपच्यूनपाशी मात्र एकच गोळा असावा, यावर मी ठाम आहे. नेपच्यूनचा उपग्रह ट्रायटन उलट दिशेने फिरतो आणि तो बहुधा बाहेरून पकडला गेलेला आहे, हे महत्त्वाचे आहे. पण तीन ते साडेचार किलोमीटर चालून थकलेल्या सहावीच्या मुलाला त्या ठिकाणी मागे वळून न दिसणाऱ्या सूर्याकडे पाहायला लावणे मला अधिक गरजेचे वाटते. एन्सेलॅडसवर भिंग बसवण्याची सूचनाही मला मान्य नाही. भिंगाखाली तो मोठा दिसेल आणि ज्या प्रमाणासाठी आपण हा सारा खटाटोप करतो आहोत ते त्या एका जागी मोडेल. तो अर्ध्या मिलिमीटरचाच ठेवावा, शनीच्या केंद्रापासून २४ सेंटिमीटरवर, आणि शोधायला लावावा.

प्रतिसाद: उद्यमनगर

अर्ध्या मिलिमीटरचा छरा बसवता येईल, पण पावसाळ्यात उघड्यावर तो टिकणार नाही. काचेत ओतून बंद करावा लागेल. शनीची मुख्य कडी या प्रमाणात सुमारे २७ सेंटिमीटर व्यासाची येतात, त्यामुळे एन्सेलॅडस कड्यांच्या काठापासून दहा-अकरा सेंटिमीटर बाहेर राहील आणि दोन्ही एकाच काचेत घेता येतील. ट्रायटनचे भोक मी नेपच्यूनच्या चौथऱ्यात ३५ सेंटिमीटरवर पाडून ठेवतो. छरा घालायचा की नाही ते तुम्ही दोघांनी ठरवावे.