गिनती पूरी : युद्धकैद्यांच्या छावणीच्या घरोघरी उरलेल्या आठवणी

मराठवाड्यात 'छावणी' म्हटलं की आधी चारा छावणी आठवते. दावणीला बांधलेली जनावरं, उसाचं वाढं, टँकरची वाट. त्यानंतर आठवते ती औरंगाबादची लष्करी छावणी. तिसरी एक छावणी आमच्या घरात वडिलांच्या तोंडून आली, तीही तुकड्यातुकड्यानं, कधी जेवताना तर कधी वीज गेल्यावर.

आम्ही अंबाजोगाईचे. वडील फौजेत शिपाई होते. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानच्या जनरल नियाझींनी भारताच्या जनरल अरोरांसमोर शरणागतीवर सही केली आणि सुमारे ९३,००० माणसं भारताच्या ताब्यात आली. सगळेच काही सैनिक नव्हते. निमलष्करी होते, सरकारी नोकर होते, काहींची बायकापोरंही होती. एवढ्यांना ठेवायचं कुठं? रांची, गया, मेरठ, आग्रा, रुडकी, जबलपूर अशा ठिकाणी बराकींभोवती तारा ओढल्या गेल्या. वडिलांची नेमणूक रांचीला झाली.

तिथलं काम विचारलं की ते एकच शब्द सांगायचे : गिनती. सकाळी गिनती, संध्याकाळी गिनती. आकडा जुळला नाही की पुन्हा पहिल्यापासून. एकदा थंडीत दहा माणसं कमी भरली. दोन तास कैदीही उभे आणि पहारेकरीही उभे. शेवटी कळलं की पळालं कुणीच नव्हतं, बेरीज करणाऱ्यानं हातचा घेतला नव्हता.

रिटायर होऊन घरी आल्यावरही रात्री कडी लावायच्या आधी ते आम्हाला मोजायचे. आजी, आई, आम्ही चौघं, गोठ्यातली म्हैस धरून. मग म्हणायचे, "गिनती पूरी." थोरला भाऊ शिकायला पुण्याला गेला तेव्हा त्यांनी आकडा एकानं कमी केला. आईनं भांडण काढलं, "लेकरू शिकायला गेलंय, नावावरनं काढता का त्याला?"

आईचा राग तसा जुना होता. ७२ च्या दुष्काळात ती पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होती. घरात लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी आणि पोरांना सुकडी. त्याच सुमारास वडिलांचं पत्र आलं, त्यात सहज लिहिलेलं की कैद्यांना चहासाखर वेळेवर मिळते, तक्रार नाही. आई ते वाक्य अजून विसरलेली नाही.

तुमच्या घरात असं काही असेल तर या धाग्यात खाली लिहा. पहाऱ्यावरचं असो की आतलं. लढाई कुठली का असेना. फक्त माणसांची नावं टाळा.

गेवराईहून

माझे काका आर्मीत हवालदार क्लार्क होते. कॅम्पात त्यांना नेमलं ते निजामामुळं, असं म्हटलं तर हसू नका. १९४८ पर्यंत आपल्याकडं निजामाचं राज्य, बहुतेक शाळा उर्दू माध्यमाच्या. काकांचं सगळं शिक्षण उर्दूत. भारताची पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, मराठी आली आणि 'आता या अलीफ-बेचं काय लोणचं घालायचं' असं आजोबा म्हणाले. पंचवीस वर्षांनी त्या अलीफ-बेनं काकांना कैद्यांच्या टपालाच्या टेबलावर बसवलं. काकांच्या सेक्शनमध्ये घाईनं लिहिलेली घसीट उर्दू झरझर वाचणारे मोजकेच होते.

जिनिव्हा करारानं कैद्याला महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं लिहायची मुभा असते. कॅम्पात हजारो माणसं, म्हणजे ढीग किती पडत असतील बघा. काकांचं काम वाचायचं आणि जागेचं नाव, आकडा, संशयाचं काही दिसलं की वर दाखवायचं. ते म्हणतात, संशयाचं कधी फारसं निघालंच नाही. म्हैस व्याली, बहिणीचं लग्न लांबलं, छताचं काम राहिलं, धाकट्याला शाळेत घाला. गेवराईहून काकांना येणाऱ्या पत्रांतही हेच असायचं. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्यांची पत्रं एकच जण लिहायचा, त्यामुळं पन्नास बायकांना एकाच अक्षरात, एकाच मायन्यानं पत्रं जायची.

एका तरुण साहेबाला शेरांचा संशय यायचा. पत्रात शेवटी शेर असला की तो त्याखाली लाल रेघ मारून काकांना बोलवायचा, हा सांकेतिक मजकूर आहे का म्हणून. काका समजवायचे, "साहेब, हे कोड नाही, ह्याला बायकोची आठवण यायलीय."

२ जुलै १९७२ ला शिमला करार झाला, तेव्हा पत्रांत एकदम 'ईदपर्यंत येतो' सुरू झालं. करारात कैद्यांच्या सुटकेची तारीख नव्हती. ती ईद गेली, पुढची बकरी ईद गेली. मग लोकांनी तारखा लिहिणंच सोडलं. ऑगस्ट १९७३ मध्ये दिल्लीत करार झाला तेव्हा कुठं सप्टेंबरपासून गाड्या वाघा सरहद्दीकडं निघायला लागल्या. शेवटचे नियाझी गेले ते ३० एप्रिल १९७४ ला.

काका एकच गोष्ट सावकाश सांगतात. लंगरात काम करणारा एक कैदी त्यांना रोज सलाम करायचा. एके दुपारी त्याच्या भावाचं पत्र आलं, आई गेल्याचं. वाचून झालं, शिक्का बसला, पण वाटप दुसऱ्या दिवशी होतं. संध्याकाळी त्यानं नेहमीसारखा सलाम केला. काकांनी मान खाली घातली आणि फाईल चाळत राहिले. "त्या रात्री त्याच्या लेखी त्याची आई जिती होती. मला ठाऊक होतं की नाही."

नळदुर्गहून

आमच्या घरातली कैद दुहेरी आहे. माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, निजामाच्या फौजेत पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीत होते. दुसऱ्या महायुद्धात ही पलटण इंग्रजांच्या बाजूनं मलायात गेली. कोटा भारूच्या विमानतळाजवळ. ८ डिसेंबर १९४१ ला जपानी तिथंच उतरले. पुढं माघार घेत घेत सिंगापूर. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडलं आणि दादा कैदी झाले.

दोनच दिवसांनी हिंदुस्थानी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानात गोळा केलं. चाळीस हजारांवर माणसं. तिथं कॅप्टन मोहनसिंगांनी आझाद हिंद फौजेसाठी हाक दिली. कुणी गेले, कुणी थांबले. दादा कुठल्या बाजूला होते हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नाही. लढाई संपल्यावर इंग्रजांनी परत आलेल्या कैद्यांना चौकशी करून, आझाद हिंदकडं कोण किती झुकला यावरून, पांढरे, करडे आणि काळे असं वाटलं. दादा करडे. घरात थट्टा चालायची, रंगही तसाच आहे म्हणून.

तिकडं तांदूळ कमी कमी होत गेला आणि टॅपिओकाचा कंद आला. उकडून, वाटून, नुसत्या मिठाबरोबर. विमानतळावर खड्डे बुजवायचे आणि कंद खायचा. जपानी 'इंदोजिन' अशी हाक मारायचे.

आता ह्याचा नळदुर्गशी संबंध सांगते. आमच्या शेजारच्या काकू दर आषाढीला साबुदाण्याची खिचडी पाठवायच्या. दादा ताटाकडं बघायचेसुद्धा नाहीत. काकूंना वाटायचं, उपासाचं म्हणून मुसलमान म्हातारा खात नाही. त्या मनातून दुखावलेल्या होत्या. साबुदाणा त्याच कंदाच्या पिठाचा होतो, हे त्यांना काय ठाऊक? कित्येक वर्षांनी माझ्या अब्बांनी खुलासा केला. पुढच्या आषाढीला भगर आणि दाण्याची आमटी आली. दादांनी दोनदा मागून घेतली.

दुसरी कैद इथलीच. सप्टेंबर १९४८ मध्ये भारताची फौज सोलापूरकडून आली. १३ तारखेला नळदुर्गला पहिली चकमक झाली, समोर हीच पहिली हैदराबाद इन्फंट्री. बोरी नदीचा पूल उडवायच्या आत भारताच्या फौजेनं तो शाबूत ताब्यात घेतला. दादा तिथं हात वर करून उभे राहिले, घरापासून तीन मैलांवर. पूल आजही ओलांडते तेव्हा नजर जाते. सिंगापूरला आपण हिंदुस्थानी कैदी होतो, मग इथं कोण होतो, असं ते हसत विचारायचे. चार महिन्यांनी सुटले. त्या दिवसांत आपल्या भागात गावोगाव काय घडलं ते सरकारनं पाठवलेल्या सुंदरलाल समितीनं लिहून ठेवलंय. आमच्या घरात त्यावर कुणी बोलत नाही, मीही इथं लिहीत नाही.

लातूरहून

धागा वाचला. पण निजामाविरुद्धच्या मुक्तिसंग्रामातले कैदीही घ्या की! माझे आजोबा १९४७ च्या ऑगस्टमध्ये तिरंगा लावला म्हणून औरंगाबादला हर्सूलच्या जेलात गेले. तेव्हा लातुरात वकिली केलेला कासीम रझवी निजामाच्या बाजूच्या रझाकारांचा पुढारी होता. पुढं तोच जेलात गेला आणि १९५७ ला सुटून पाकिस्तानात गेला. हर्सूलच्या भाकरीत वाळू असायची. आजोबा नंतर आयुष्यभर भाकरीचा पहिला तुकडा दाताखाली दाबून बघायचे, मगच कालवण घ्यायचे. आजी म्हणायची, "माझ्या हातच्या भाकरीची रोज झडती."

धागाकर्ता : घेतलं. युद्धकैदी आणि राजकीय कैदी हा फरक कायद्यात मोठा आहे, पण त्या भाकरीला बाहेर कसं ठेवायचं? मात्र मुक्तिसंग्रामावर स्वतंत्र लिहूच, नाहीतर हा विषय वाहून जाईल.

जालन्याहून

थोडंसंच. मी एसटीत होतो, नगरला मुक्काम असायचा. तिथल्या किल्ल्यात १९४२ ते ४५ नेहरू, पटेल, आझाद होते हे सगळे सांगतात. पण त्याच नगरला बोअर युद्धातले कैदीही आणून ठेवले होते, पार दक्षिण आफ्रिकेतून जहाजानं. ती शेतकरी माणसं. नगरचा उन्हाळा त्यांना कसा वाटला असेल, असं डेपोत रात्री झोप आली नाही की मनात यायचं.

नांदेडहून

अंबाजोगाईच्या ताईंना, म्हणजे धागाकर्त्याच्या आईंना, माझा नमस्कार सांगा. त्यांचा राग मला पटला. आमच्याकडं उलटं झालं.

माझे दीर १९७१ ला पश्चिम आघाडीवर होते. तार आली, 'बेपत्ता'. सासूबाईंनी कुंकवाचा करंडा हातात घेऊन थोरल्या जाऊबाईंना सांगितलं, कुणी काही म्हणू दे, तू लावत जा. दोन महिन्यांनी रेडक्रॉसमार्फत कार्ड आलं. छापील मजकूर, खाली सही. मी सुखरूप आहे, एवढंच. सासऱ्यांनी ते कार्ड घेऊन सही ओळखायला शाळेच्या मास्तरांना गाठलं. मास्तर म्हणाले, ह्याचा 'र' मी पाचवीत मारूनही सुधारला नाही, तोच आहे.

ते पाकिस्तानातल्या लायलपूरच्या जेलात होते. डिसेंबर १९७२ मध्ये वाघ्याहून परत आले. नांदेड स्टेशनावर आम्ही गेलो होतो. ते अंगानं भरले होते आणि आम्ही सगळे वाळलेलो. गावात विहिरी कोरड्या, बैल विकलेले, सासरे रस्त्याच्या कामावर. पहिल्या रात्री जाऊबाईंनी मिलोची भाकरी वाढली. त्यांनी विचारलं, "हे कशाचं केलंय?" कुणीच बोललं नाही. मग सासूबाई म्हणाल्या, "तुला तिकडं काय देऊ लालते?" दीर म्हणाले, "रोट्या. दाल." आणि ताटावरून उठले. सासूबाईंना वाटलं भाकरी आवडली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे ते सासऱ्यांच्या आधी कामावर हजर होते. मुकादमानं नाव विचारलं तर त्यांनी सवयीनं नाव, हुद्दा, नंबर आणि जन्मतारीख सांगितली. कैद्यानं एवढंच सांगायचं असतं म्हणे. मुकादम म्हणाला, "नंबर कशाला, घमेलं घे."

धागाकर्ता

आईला सगळं वाचून दाखवलं. नांदेडच्या मजकुराला ती काहीच बोलली नाही, उठून चहा टाकायला गेली.

तिनं नंतर ट्रंकेतून एक कार्ड काढून दिलं. रांचीची बराक रिकामी झाल्यावर झाडताना वडिलांना ते गादीखाली सापडलं होतं. लिहिलेलं, पण टपालात न टाकलेलं. टाकायच्या आत तो माणूसच घरी निघाला असावा. उर्दूत आहे. आमच्या घरात कुणाला वाचता येत नाही. वडिलांनी आयुष्यभर कुणाला दाखवलं नाही, कारण कॅम्पातली वस्तू घरी आणली म्हणून भीती. गेवराईचे काका आता कसे आहेत?

गेवराईहून

नव्वदी ओलांडली, भिंग घेऊन वाचतात. फोटो पाठवा, दोन्ही बाजू. उजेडात काढा.

गेवराईहून, दोन दिवसांनी

काकांनी वाचलं. ओल लागून अर्ध्या ओळी गेल्यात. पत्ता वाचता येतो, पण तो इथं लिहीत नाही. उरलेलं असं आहे : 'अम्मी, सलाम. मी ठीक आहे. सर्दी होती, आता कमी आहे. इकडं पाऊस…' पुढं डाग आहे. तळाशी अर्धा शेर. काका म्हणतात पाठ होता, आठवला की दुसरी ओळ कळवतो.