टे पुलाच्या चौकशीतले डेव्हिड कर्काल्डी कोण?

पूलवेडी:
डिप्लोमा सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. सेमिनारसाठी स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल घेतलाय, 28 डिसेंबर 1879 च्या वादळात गाडीसकट नदीत गेलेला. वाचताना डेव्हिड कर्काल्डी हे नाव आलं. तेही स्कॉटिशच, पण त्यांनी बांधलेला एकही पूल सापडत नाही. मग चौकशीत त्यांच्या आकड्यांना एवढं वजन का? जाणकारांनी सांगावं.

लॅबवाले काका:
त्यांनी पूल बांधले नाहीत, नमुने तोडले. मी टेस्टिंग लॅबमध्ये यूटीएमवर, म्हणजे नमुने ओढून-दाबून ताकद मोजायच्या यंत्रावर, सळया ओढतो, म्हणून या माणसाबद्दल मनापासून आदर आहे. जरा सविस्तर लिहितो.

जन्म 1820, डंडीजवळ. 1843 पासून ग्लासगोत जहाजं आणि इंजिनं बनवणाऱ्या रॉबर्ट नेपियर यांच्या कारखान्यात. ड्रॉइंगचा हात असा, की 'पर्शिया' जहाजाची त्यांची ड्रॉइंग्ज लंडनच्या रॉयल अकादमीत लागली. बॉयलर आणि जहाजांसाठी घडीव लोखंड बरं की पोलाद, हे ठरवायला नेपियर यांनी चाचण्या करवल्या. 1858 ते 1861 कर्काल्डी तेच करत होते. निकाल 1862 ला छापले.

त्यात एक गोष्ट फार मोलाची आहे. तेव्हा तुटलेल्या तोंडावर चकचकीत दाणे दिसले की लोक म्हणायचे, लोखंडच वाईट. कर्काल्डींनी दाखवलं, की तेच लोखंड सावकाश ओढून तोडलं तर तंतू दिसतात आणि फटक्यात तोडलं तर दाणे. शिवाय नुसता तुटण्याचा भार पाहू नका, तुटताना नमुना किती बारीक झाला तेही मोजा, हा त्यांचा आग्रह. सळई तुटायच्या आधी एका जागी आवळत जाते, ते रोज डोळ्यांसमोर बघतो. ज्याची मान अशी बारीक होत नाही, ते पोलाद कितीही भार घेवो, मला त्याची धास्ती वाटते.

पुढे नोकरी सोडून स्वतःच्या पैशांनी स्वतःच्या डिझाइनचं यंत्र लीड्सला बनवून घेतलं. आडवं, पाण्याच्या दाबावर चालणारं, 47 फुटांहून लांब, 116 टन वजनाचं, 10 लाख पौंड जोर लावणारं. 1866 ला लंडनच्या सदर्कमध्ये चाचणीगृह उघडलं. पैसे भरा, नमुना द्या, आकडा घेऊन जा. माल बनवणाऱ्याशी काही देणंघेणं नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या ईड्स पुलाचं पोलादही त्यांनी तपासलं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे: चौकशीला हवा तसा तटस्थ आकडा देणारा माणूस हाच होता.

साचेकार:
काकांनी टे पुलाचं सांगायचं ठेवलं, ते मी लिहितो. आमचं पॅटर्नचं, म्हणजे ओतकामाच्या नमुन्यांचं काम आहे. त्या पुलाचे खांब बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे. खांबांना एकमेकांशी बांधणारे तिरपे घडीव लोखंडी ताण (पट्ट्या) बोल्टने ज्या बाहेर आलेल्या कानांना जोडायचे, ते कान खांबासोबतच ओतलेले. कानांची भोकंही ड्रिलने न पाडता ओतलेली, म्हणजे एका बाजूला निमुळती. बोल्ट पूर्ण भोकात बसायच्या ऐवजी एका कडेवर टेकतो आणि सगळा भार तिथेच येतो. कर्काल्डींच्या यंत्रावर हे कान अपेक्षेच्या निम्म्याहूनही कमी भाराला तुटले. वाऱ्याचा आडवा जोर तर याच तिरप्या ताणांवर यायचा. ओतकामात असा निमुळतेपणा (टेपर) लागतोच, पण अशा जागी भोक नंतर रीमरने, म्हणजे भोक नीट करायच्या हत्याराने, सरळ करायलाच हवं. हा खर्च वाचवणं मला आजही अक्षम्य वाटतं.

पूलवेडी:
दोघांचे खूप आभार! ते यंत्र अजून आहे का?

लॅबवाले काका:
आहे. 1874 ला ते 99, सदर्क स्ट्रीटला आणलं आणि तिथेच आहे, आता संग्रहालय झालंय. दारावर कोरलंय, 'तथ्ये, मते नव्हेत'. कर्काल्डी 1897 ला गेले, पण मुलाने आणि पुढे नातवाने काम चालवलं.

सेमिनारला फक्त फोटो दाखवू नका. लॅबच्या सरांना विचारून एकाच सळईचे दोन तुकडे घ्या. एक यूटीएमवर सावकाश ओढा, दुसऱ्याला खोल खाच पाडून फटक्यात तोडायला सांगा, गॉगल घालूनच. दोन्ही तोंडं वर्गात हातोहात फिरवा आणि टे पुलाची स्लाइड त्यानंतर लावा.