मानसिक आरोग्यावर टीम प्रोजेक्ट करतोय, अ‍ॅप बनवावं की दुसरं काही? सल्ला हवाय

कागद_कात्री
नमस्कार सगळ्यांना. आम्ही पाच जण पुण्यात कम्युनिकेशन डिझाइनच्या थर्ड इयरला आहोत, या सेमला टीम प्रोजेक्टसाठी युनिव्हर्सिटीतल्या पोरापोरींचं मानसिक आरोग्य हा विषय घेतलाय. आम्हीच मागून घेतला, कारण मागच्या वर्षी बॅचमधला एक जण मध्येच कॉलेज सोडून घरी गेला आणि त्याआधी दोन महिने तो कुणाशी धड बोलतच नव्हता हे आम्हाला तो गेल्यावर, एकमेकांशी बोलताना कळलं. ते अजून डोक्यातून जात नाही.

आधी ठरलं होतं मूड ट्रॅकर अ‍ॅप करायचं, रोज एक चेहरा निवडायचा, सोबत श्वासाचे व्यायाम, आणि कॉरिडॉरमध्ये पोस्टर्स. पोस्टरवर टाकायला एनसीआरबीचा (देशातल्या गुन्ह्यांची, आत्महत्यांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) आकडा पण काढून ठेवलेला, २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आणि राज्यांत महाराष्ट्र सगळ्यात वर. मग हॉस्टेल, मेस, अभ्यासिका असं फिरून २२ जणांशी बोललो आणि सगळंच बदललं.

अ‍ॅप कुणालाच नकोय. एक जण म्हणाला, रात्री दोन वाजता मी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं तर पुढे काय होणार? आमच्याकडे उत्तर नव्हतं. कॉलेजात समुपदेशक मॅडम आहेत हे २२ पैकी १३ जणांना माहीतच नाही, आणि ज्यांना माहितीये ते जात नाहीत, कारण खोली ऑफिसच्या मजल्यावर स्कॉलरशिपच्या खिडकीला लागून, वेळ आठवड्यातून दोन दिवस ११ ते १, तेव्हा आमची प्रॅक्टिकल असतात, आणि बाहेर रजिस्टरमध्ये नाव, वर्ग आणि येण्याचं कारण लिहायचं. एका मुलीने कारणाच्या रकान्यात बोनाफाईड लिहिलं, मग खरंच बोनाफाईडच्या रांगेत जाऊन उभी राहिली आणि तशीच परत आली. हे ऐकल्यावर आम्ही पाचही जण त्या दिवशी काही काम करू शकलो नाही.

आणखी एक, मानसिक आरोग्य हा शब्द २२ पैकी एकाच्याही तोंडून आला नाही. झोप लागत नाही, डोकं चालत नाहीये, नको वाटतंय सगळं, असंच सगळे बोलतात.

गाईड सरांचं म्हणणं अ‍ॅपच्या स्क्रीन्स असल्या की ज्युरीला, म्हणजे शेवटी प्रोजेक्ट तपासणाऱ्यांना, काम दिसतं. तर अ‍ॅप सोडून द्यावं का, आणि सोडलं तर आठ आठवड्यांत पाच जणांनी करण्यासारखं काय आहे?

समुपदेशन_ठाणे
मी ११ वर्षं कॉलेजमध्ये समुपदेशक म्हणून काम केलंय, त्यामुळे ते रजिस्टर माझ्या चांगलंच ओळखीचं आहे. तुमचा प्रोजेक्ट तुम्हाला सापडलाय, तो त्या रजिस्टरमध्ये आहे. मूल अस्वस्थ होण्यापासून माझ्यासमोरच्या खुर्चीत बसेपर्यंत मध्ये जे काही असतं ना, दार, वेळ, शिपाई, कोण बघेल, घरी फोन जाईल का, तिथेच बहुतेक मुलं गळतात. माझ्याकडे आलेल्या किती तरी मुलांनी पहिल्या पाच मिनिटांत एकच विचारलंय, मॅडम हे एचओडींना सांगणार का. माहिती गुप्त राहण्याचा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात आहे, पण मुलांना ते कुणी सांगतच नाही. तेव्हा दारावरच सोप्या मराठीत लिहा की इथे बोललेलं बाहेर जात नाही, आणि अपवाद पण तिथेच लिहा, जिवाला धोका असेल तर मदतीसाठी आणखी कुणाला तरी सांगावं लागतं. अपवाद लपवू नका, मुलांना नंतर कळलं की विश्वास कायमचा जातो.

पोस्टरवरचा आत्महत्यांचा आकडा कृपया काढा. तुमचा हेतू चांगला आहे पण ज्याच्या मनात आधीच तसे विचार चालू आहेत त्याला तो आकडा वाचून वाटतं की इतके जण करतातच. गुडघ्यात डोकं घालून बसलेल्या मुलीचा काळा फोटो पण नको. मदत कशी मिळते ते दाखवा.

आणि एक सगळ्यात महत्त्वाचं. सर्व्हेसाठी बरेच विद्यार्थी पीएचक्यू-९ ही नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची प्रश्नावली गुगल फॉर्मवर टाकतात, फुकट मिळते म्हणून. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. कुणी रात्री तिथे रोज असं उत्तर दिलं आणि तुम्ही फॉर्म चार दिवसांनी उघडला तर? लगेच बघणारं, लगेच फोन करणारं माणूस नसेल तर तो प्रश्न फॉर्मवर विचारायचाच नाही. समोरासमोर विचारणं वेगळं, थेट विचारल्याने कुणाच्या डोक्यात तो विचार घुसत नाही, उलट बहुतेकांना हायसं वाटतं की कुणीतरी विचारलं. रात्री दोनचं उत्तर म्हणून टेली-मानसचा १४४१६ द्या, केंद्र सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. पण आधी पाचही जणांनी स्वतः फोन करून बघा, आपण न वापरलेला नंबर दुसऱ्याला देऊ नये.

लातूरकर_९७
मी सहसा इथं लिहीत नाही पण बोनाफाईडचं वाचून राहवलं नाही. सेकंड इयरला माझे चार विषय राहिले होते, वायडी लागणार म्हणजे वर्ष वाया जाणार हे नक्की, घरी सांगितलं नव्हतं, वडील दर महिन्याला मेसचे पैसे पाठवायचे आणि मी दुपारी तीनपर्यंत झोपून राहायचो. रूम पार्टनरला वाटायचं आळशी आहे. मला स्वतःला पण तेच वाटायचं. अ‍ॅप, पोस्टर, सेमिनार सगळं होतं की, सेमिनारला तर अटेंडन्ससाठी बसलो पण होतो.

लक्षात कुणाच्या आलं तर मेसच्या काकांच्या. सलग पाच दिवस ताट घेतलं नाही म्हणून ते सहाव्या दिवशी डबा घेऊन रूमवर आले, काही विचारलं नाही, नुसतं म्हणाले "बाळा, वरण गरम आहे तोवर खा" आणि मी जेवेपर्यंत कॉटच्या कडेवर बसून राहिले. मी ढसाढसा रडलो. नंतर तेच मला रेक्टर सरांकडं घेऊन गेले आणि सरांनी डॉक्टर गाठून दिला, गोळ्या आठ महिने चालल्या. आज नोकरी करतोय.

म्हणून सांगतो, पोराच्या मोबाईलकडं बघू नका, त्याच्या आजूबाजूला कोण असतंय ते बघा. मेसवाले, वॉचमन, लायब्ररीतल्या मावशी, झेरॉक्सवाला. यांना पोरगं बिघडलेलं आधी दिसतं पण पुढं काय करायचं ते यांना कुणी सांगितलेलं नसतं. फक्त एक हात जोडून विनंती, याचं मशीन करू नका, मेस कार्ड स्कॅन झालं नाही की ऑफिसला मेसेज, असलं काही. मला मेसेज नको होता.

सेवा_आराखडा
मी सर्व्हिस डिझाइनमध्ये काम करतो, ज्युरीवरही बसलोय. स्क्रीन नसेल तर काम दिसत नाही हे खरं नाही. ज्युरीसमोर त्या रजिस्टरच्या पानाचा रिकामा नमुना ठेवा आणि त्या मुलीचा गेटपासून बोनाफाईडच्या रांगेपर्यंतचा रस्ता भिंतीवर पावलापावलाने मांडा, तिला ओळखता येईल असं काही न टाकता. मग तोच रस्ता तुम्ही बदललात तो बाजूला. याच्यापुढे मूड ट्रॅकरच्या वीस स्क्रीन्स फिक्या पडतील.

नावाचा मुद्दा हलका समजू नका. झिम्बाब्वेत हरारेला डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये १४ आज्यांना घेऊन दवाखान्याच्या आवारात लाकडी बाकावर बसून लोकांशी बोलायचं काम सुरू केलं. आधी त्याचं नाव मानसिक आरोग्याचा बाक असं होतं, त्याच आज्यांनी सांगितलं की या नावाने कुणी येऊन बसणार नाही, मग तो मैत्रीचा बाक झाला. आणि आज्या नैराश्य हा शब्द न वापरता तिथल्या शोना भाषेतला कुफुंगिसिसा म्हणतात, म्हणजे अति विचार करत बसणं. २०१६ मध्ये याची चाचणी जामा या वैद्यकीय नियतकालिकात आली, सहा महिन्यांनी बाकावर येणाऱ्यांचा त्रास इतर रुग्णांपेक्षा बराच कमी झालेला होता. त्या आज्यांना रीतसर प्रशिक्षण होतं आणि मागे तज्ज्ञ उभे होते, तेव्हा नुसता बाक रंगवून ठेवू नका.

प्राचार्यांकडे जाताना सुप्रीम कोर्टाचे जुलै २०२५ चे निर्देश प्रिंट करून न्या. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर किमान एक पात्र समुपदेशक हवा, सगळ्या कर्मचाऱ्यांना, शिकवणारे असोत नसोत, वर्षातून दोनदा प्रशिक्षण हवं, आणि टेली-मानससकट हेल्पलाइनचे नंबर हॉस्टेलमध्ये, वर्गात ठळक अक्षरात लावलेले हवेत. वर लातूरकरांनी जे काकांबद्दल लिहिलंय त्याला यातून दार उघडतं. मोजायचं कसं हे ज्युरी विचारणारच, तेव्हा मॅडमकडून फक्त संख्या घ्या, बदलाआधीच्या तीन आठवड्यांत नवीन किती जण आले आणि नंतरच्या तीनमध्ये किती. नावं बघायची पण नाहीत.

सांगलीची_आई
माझी मुलगी पुण्यात शिकते. मी फोनवर जेवलीस का आणि अभ्यास झाला का एवढंच विचारते, तिसरं काय विचारायचं ते मला खरंच सुचत नाही बाळांनो. अ‍ॅडमिशनच्या कागदांबरोबर पालकांसाठी मराठीत एक पान द्या ना, काय विचारावं आणि मुलगी रडली तर काय बोलू नये. मी ते फ्रिजवर लावून ठेवीन.

कागद_कात्री
सगळ्यांचे मनापासून आभार. लातूरकर दादा, तुमचं लिहिलेलं आम्ही पाच जणांनी एकत्र बसून वाचलं.

अ‍ॅप सोडलं. काल समुपदेशक मॅडमना भेटलो, त्यांना स्वतःलाच ते रजिस्टर नको होतं, पण हजेरीचा पुरावा म्हणून ऑफिसला लागतं. आता नावाऐवजी फक्त नंबर टाकायचा आणि कारणाचा रकाना काढून टाकायचा असा नमुना करून देतोय, मंगळवारी प्राचार्यांची वेळ मिळालीये, निर्देशांची प्रिंट नेतोय. संध्याकाळी पाच ते सात लायब्ररीमागच्या खोलीत बसायला मॅडम तयार आहेत. मेसचे काका आणि वॉचमन मामांसाठी खिशात मावेल असं कार्ड करतोय, त्यातला मजकूर मॅडम तपासणार. १४४१६ ला आम्ही पाचही जणांनी फोन केला. काकू, तुमचं पान नक्की करतो, आधी आमच्या आयांना वाचायला देऊ.

एक मदत हवी. दारावर आणि कार्डावर मानसिक आरोग्य न लिहिता पोरं बोलतात तेच लिहायचंय, पण आमच्याकडची सगळी वाक्यं पुण्यातली आहेत आणि हॉस्टेलला पोरं सगळीकडची आहेत. तुमच्याकडे काय म्हणतात?

लातूरकर_९७
आमच्याकडं जीव लागंना म्हणतात. मी आईला फोनवर तेच म्हणायचो, आई जीव लागंना इथं.

नागपूरची_पोट्टी
कशातच मन लागून नाही राह्यलं. असंच छापजा, लागत नाही करू नका, आमचं पोट्टं वाचून थांबलं पाहिजे तिथं.