प्रतिसाद: 'अप' म्हणजे फक्त 'वर' नव्हे

इंग्रजीतल्या 'अप'चा अर्थ 'वर', मग 'ईट अप' (खाऊन टाकणे), 'यूज अप' (वापरून संपवणे) यांत वर काय जातं, असा प्रश्न एकाने विचारलाय. तिथे दिशा नाहीच. क्रिया पुरी झाली, काही उरलं नाही, एवढंच 'अप' सांगतं. 'ईट युअर राइस' म्हणजे भात खा. 'ईट अप युअर राइस' म्हणजे खाऊन टाक. आपलं 'टाकणे' तिथे नेमकं बसतं, म्हणून मराठी माणसाला हा अर्थ खरं तर सोपा जायला हवा.

जास्त चुका होतात त्या वाक्यातल्या 'अप'च्या जागेच्या. 'पिक अप द बुक' आणि 'पिक द बुक अप' दोन्ही बरोबर. पण सर्वनाम आलं की ते मध्येच हवं: 'पिक इट अप'. 'पिक अप इट' चूक. मात्र 'अप' असा मागेपुढे हलवायची सूट सगळीकडे नाही. 'रन अप द हिल'मध्ये 'अप' टेकडीशी जोडलेला आहे, म्हणून तिथे 'रन अप इट'च.

लिहिताना क्रियापद असेल तर दोन शब्द (बॅक अप द डेटा), नाम असेल तर बहुतेकदा एकच (बॅकअप). उच्चारात नामाचा आघात पहिल्या भागावर येतो.

आणि 'कोप अप विथ' टाळाच. प्रमाण इंग्रजीत नुसतं 'कोप विथ' (निभावून नेणे). बहुधा 'कीप अप विथ'च्या (बरोबरीने राहणे) प्रभावाने तिथे 'अप' शिरतो.