मदत हवी आहे : ‘राग ओळखा’ फेरीच्या क्लिप कुठून आणि किती कापाव्यात?

धागाकर्ती

हौशी गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांसाठी शास्त्रीय संगीताची प्रश्नमंजूषा तयार करते आहे. पाच-पाच जणांचे चार संघ, वेळ दीड तास. फेऱ्या तीन : राग ओळखा, ताल ओळखा आणि माहितीचे प्रश्न. चाचणीत १५ सेकंदांच्या क्लिप वाजवल्या आणि पुढील गोष्टी अडल्या.

भूपच्या क्लिपला दोन संघांनी देशकार लिहिलं, एकाने शुद्ध कल्याण. कीबोर्डवर भूपचे नुसते स्वर वाजवून केलेल्या क्लिपला एक जण मालकंस म्हणाला आणि शेवटपर्यंत ठाम राहिला. विलंबित (संथ लयीतला) एकताल कुणालाच आला नाही. शिवाय प्रत्येक संघात एकच जाणकार उत्तर देतो, बाकीचे नुसते ऐकतात.

क्लिपची लांबी, कापायची जागा आणि गुणांची पद्धत, तिन्हीबद्दल सल्ला हवा आहे.

मंद्रसप्तक

मालकंस म्हणणारे चुकले नाहीत, क्लिप चुकली. तानपुरा नसेल तर षड्ज (सा) कुठला हे ऐकणारा स्वतःच ठरवतो. भूपच्या गंधाराला (ग) सा मानलं की तेच पाच स्वर मालकंसाचे होतात. पंचमाला (प) सा मानलं तर दुर्गा, धैवताला (ध) मानलं तर धानी. त्यामुळे प्रत्येक क्लिपआधी त्याच पट्टीतला तानपुरा पाच-सहा सेकंद ऐकवा आणि क्लिपखालीही मंद चालू ठेवा. मूळ ध्वनिमुद्रणात तानपुरा स्वच्छ असेल तर तोच पुरे, वरून दुसरा घालू नका. बाहेरचा जोडलाच तर जुळवणी बघा. मारवा-पूरियाखाली पंचमाचा तानपुरा (पहिली तार पंचमात जुळवलेला) लावलात तर रागात नसलेला स्वर सतत कानावर पडतो. तिथे निषादाचा (नि) लावा, मालकंसाला मध्यमाचा (म).

आता भूप-देशकार. स्वर तेच असल्यामुळे फरक फक्त चलनात (स्वर कसे फिरतात त्यात) सापडतो. भूपचा वादी (मुख्य स्वर) गंधार, राग पूर्वांगात (सप्तकाच्या खालच्या अर्ध्यात) फिरतो : ग, रे, सा ध, सा रे ग, प ग, ध प ग, रे सा. देशकारचा वादी धैवत, गाणारा उत्तरांगात (वरच्या अर्ध्यात) राहतो आणि धैवतावरून पंचमावर येतो. तुमच्या तुकड्यात न्यासाचा (थांबण्याचा) स्वर आलाच नसेल तर दोन्ही उत्तरं बरोबर धरावी लागतील. शुद्ध कल्याणाचा आरोह भूपसारखाच असतो, पण तार (वरच्या) षड्जावरून धैवताकडे आणि पंचमावरून गंधाराकडे येणाऱ्या मींडेत (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यात) निषाद आणि तीव्र मध्यमाचा स्पर्श असतो. म्हणून भूपची क्लिप तार षड्जाला जाऊन खाली परत आलेली हवी, म्हणजे ते दोन स्वर नाहीत हेही ऐकू येतं.

हाच नियम मारवा-पूरिया-सोहनीला. तिघांतही कोमल ऋषभ, तीव्र मध्यम, पंचम वर्ज्य. मारव्यात ऋषभ-धैवत ठळक आणि षड्ज टाळत ठेवलेला, पूरियात गंधार-निषाद आणि मंद्र (खालचं) सप्तक, सोहनी बहुतेक तार षड्जाभोवती. या तिघांपैकी कुठलाही राग १५ सेकंदांत कापायला जाऊ नका, ४० सेकंद ठेवा.

कापण्याची सर्वात चांगली जागा म्हणजे आलापातला असा तुकडा, जो एका न्यासावर येऊन थांबतो. तान नको, तानेत चलन पुसट होतं. बंदिशीचे शब्दही नकोत, कारण मग लोक राग न ओळखता बंदिश ओळखतात. वाद्यही विचार करून निवडा. दरबारीचा आंदोलित (झुलता) गंधार हार्मोनियमवर येऊ शकत नाही, मग दरबारी आणि अडाणा वेगळे काढायला सप्तकाचाच काय तो आधार उरतो. दरबारीसाठी गळा, सतार किंवा सरोद घ्या.

तिहाई

तालाबद्दल लिहितो. अतिविलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे बारा मात्रांच्या एका आवर्तनालाच ४८ ते ६० सेकंद. १५ सेकंदांत जेमतेम तीन-चार मात्रा ऐकू येतात, त्यावरून कोण काय सांगणार? मध्य लय घ्या आणि निदान दोन पूर्ण आवर्तनं द्या. मिनिटाला ८० मात्रांच्या लयीत झपतालाची दोन आवर्तनं बरोबर १५ सेकंदांत बसतात. क्लिप समेपासून (आवर्तनाच्या पहिल्या मात्रेपासून) सुरू करा. नाहीतर लोक पहिल्या ऐकू आलेल्या ठोक्याला सम धरतात आणि सगळे विभाग सरकतात. नुसता ठेका लेहऱ्यासकट (साथीला फिरत राहणाऱ्या सुरावटीसकट) असावा, कायदे-रेले (तबल्यावरचे विस्तार) नकोत.

रूपकात ही काळजी जास्त. सम खाली (टाळीविना) असल्यामुळे (ती ती ना, धी ना, धी ना) चौथ्या मात्रेवरच्या ‘धी’ला सम समजण्याची चूक सर्रास होते. क्लिपमध्ये मुखडा (बंदिशीचा समेकडे नेणारा तुकडा) येऊन समेवर पडताना ऐकू आला की ती टळते.

मात्रा सारख्या असलेले ताल मुद्दाम ठेवा, खरी मजा तिथेच आहे : १४ मात्रांचे दीपचंदी, झूमरा, धमार, आडा चौताल. धमाराचे विभाग ५-२-३-४, आडा चौतालाचे दोन-दोनचे सात. दीपचंदी आणि झूमरा मात्र दोन्ही ३-४-३-४ आहेत, फरक बोलांत आणि वजनात. ठेका स्पष्ट नसेल तर ही जोडी देऊच नका. नुसत्या मात्रा बरोबर सांगितल्या तर अर्धे गुण द्या.

गमकप्रेमी

गुणांसाठी टप्पे करा. आधी ८ सेकंद वाजवा, उत्तर आलं तर १०. मग तोच तुकडा २० सेकंद, तेव्हा ६. शेवटी ४० सेकंद, तेव्हा ३. उत्तरं चारही संघांनी एकाच वेळी कागदावर लिहायची. बझर ठेवलात की एकच माणूस खेळतो. लिहिणारा दर क्लिपला बदला आणि कारणाला वेगळे २ गुण द्या. ‘धैवतावर थांबला म्हणून देशकार’ एवढं कारण पुरे. राग चुकला तरी कारणातलं निरीक्षण खरं असेल तर ते २ गुण राहू द्या, म्हणजे नवखेही तोंड उघडतात.

ऑडॅसिटीत सगळ्या क्लिप ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ने एका पातळीवर आणा, शेवटी एक सेकंदाचा फेड-आउट द्या आणि फाइलच्या नावात रागाचं नाव ठेवू नका, पडद्यावर दिसतं. सगळ्या क्लिप एका पट्टीत आणण्यासाठी पिच मात्र बदलू नका, आवाजाचा पोतच बिघडतो.

माहितीच्या प्रश्नांत निकष प्रश्नातच लिहा. भीमसेन जोशींच्या भारतरत्नाची घोषणा २००८ मध्ये झाली, प्रदान २००९ मध्ये, त्यामुळे नुसतं ‘कधी मिळालं?’ विचारलं की दोन्ही संघ हक्काने भांडतील. थाट (रागांचा वर्ग) विचारायचा तर ‘भातखंडे पद्धतीनुसार’ हे शब्द हवेतच. चांगला प्रश्न असा : स्वर तेच असूनही भूप कल्याण थाटात आणि देशकार बिलावलात का? किंवा : १९७७ च्या व्हॉयेजर यानांवरच्या तबकडीत केसरबाई केरकरांचा कोणता राग आहे? (भैरवी.) याला एकच उत्तर आहे आणि गायिका माहीत असूनही राग आठवावा लागतो.

धागाकर्ती

मनापासून आभार, क्लिप नव्याने कापायला घेते. एक शेवटची शंका : आसावरी आणि जौनपुरी ही जोडी ठेवू का?

मंद्रसप्तक

ठेवा, पण शुद्ध ऋषभाची आसावरी घ्या आणि आरोह ऐकू येईल असा तुकडा निवडा. जौनपुरीच्या आरोहात निषाद लागतो (म प ध नि सां), आसावरीच्या आरोहात तो वर्ज्य (म प ध सां). फक्त अवरोह असलेला तुकडा हाती असेल तर उत्तरपत्रिकेवर दोन्ही नावं आधीच लिहून ठेवा.