मारहाण करणाऱ्याला बंदूकबंदी: कायदा पुरेसा आहे का?

उंबरठा:
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ असा निकाल दिला. जोडीदाराच्या जिवाला धोका आहे असं ठरवून कोर्टाने ज्याच्यावर संरक्षण आदेश काढलाय, त्याला आदेश संपेपर्यंत बंदूक बाळगता येणार नाही. ही बंदी घालणारं १९९४ चं कलम टिकलं. टेक्सासच्या या रहिमीने पार्किंगमध्ये मैत्रिणीला ओढत नेऊन गाडीत कोंबलं आणि कुणीतरी बघतंय म्हटल्यावर बंदूक काढून गोळी झाडली. असला खटला वरपर्यंत गेलाच कसा? माझ्या मते बंदी आणखी कडक हवी.

तळटीप:
ब्रुएन खटल्यामुळे गेला. २०२२ च्या त्या निकालात न्या. थॉमस यांनी कसोटी घातली की बंदुकीवरच्या बंधनाला देशाच्या जुन्या परंपरेत दाखला हवा. आता अठराव्या शतकात बायकोला मारलं म्हणून नवऱ्याची बंदूक काढून घेतल्याचा दाखला कुठून आणायचा? पाचव्या सर्किटच्या, म्हणजे टेक्सास ज्याच्या हद्दीत येतं त्या फेडरल अपील कोर्टाने २०२३ मध्ये कलमच उडवलं. सरन्यायाधीश रॉबर्ट्स म्हणाले, हुबेहूब जुना कायदा नको, तत्त्व जुळलं की झालं. धमकावणाऱ्याकडून तेव्हाही जामीन घेतच होते. विरोधात एकटे थॉमस.

सरळरेष:
शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. संरक्षण आदेश हा दिवाणी मामला. ज्युरी नाही, पुराव्याची कसोटी फौजदारीपेक्षा सैल, वकील परवडला तर तुमचा तुम्ही करा. कधी कधी दोघांवरही आदेश निघतात, मार खाणारीवरसुद्धा. मग स्वतःच्या बचावासाठी ठेवलेली तिची बंदूकही गेली! गुन्हा केलाय ना? खटला चालवा, दोषी ठरवा, मग खुशाल काढून घ्या.

उंबरठा:
घरगुती मारहाणीत दोषी ठरलेल्यांना बंदूक नाकारणारी १९९६ ची लॉटेनबर्ग दुरुस्ती आहेच, पोलीस आणि सैनिकांनाही लागू. पण खटला उभा राहीपर्यंत बाईने काय करायचं? आणि फेडरल कायदा लागू होतो तो नोटीस देऊन, बोलायची संधी देऊन काढलेल्या आदेशालाच. एकतर्फी तात्पुरता आदेश त्यात येत नाही. म्हणजे ती घर सोडते, तो पिसाळलेला असतो, नेमक्या त्या दिवसांत कायदा गप्प. २००३ मध्ये जॅकलिन कॅम्पबेल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. मारणाऱ्याच्या हाताशी बंदूक असली की बाईचा खून होण्याचा धोका साधारण पाचपट.

सरळरेष:
पाचपट मान्य. म्हणून सुनावणीआधीच हक्क काढायचा, हे अमान्य. रॉबर्ट्स यांनीही तात्पुरत्या बंदीपुरतंच बोललंय, तेही कोर्टाला धोका दिसल्यावर.

दुभाषी_बाई:
मी काही वर्षं कोर्टात दुभाष्याचं काम केलं. एक प्रसंग अजून डोक्यातून जात नाही. न्यायाधीशांनी विचारलं, "घरात बंदुका आहेत?" मी भाषांतर केलं. तो म्हणाला, "होत्या, दोन. चुलतभावाला विकल्या." मी तेही भाषांतर केलं. पावती कुणी मागितली नाही. फाइल मिटली, पुढचं नाव पुकारलं. बायको मागच्या बाकावर होती, तिने फक्त मान हलवली, नकारार्थी. तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि न विचारता बोलायची मला मुभा नव्हती. तुम्ही दोघं हक्कावर भांडताय. फेडरल कायदा बंदूक "बाळगू नको" म्हणतो. ती कुणी, कधी, कुठे जमा करून घ्यायची ते सांगत नाही. ते राज्याराज्यावर.

तळटीप:
दुभाषीबाई, +१. टेक्सासमधलं सदरलँड स्प्रिंग्ज गाव आठवा. २०१७ मध्ये चर्चमध्ये गोळीबार करणारा हवाई दलात असताना बायको आणि सावत्र मुलाला मारल्याबद्दल २०१२ मध्येच दोषी ठरला होता. हवाई दलाने एफबीआयला कळवलंच नाही, म्हणून दुकानातल्या तपासणीत नाव निघालं नाही. बळी २६, पोटातलं बाळ धरून.

सरळरेष:
तिथे माझी हरकत नाहीच, तो दोषी ठरलेला होता. कळवायला हवं होतं. पावतीही मागायला हवी होती, तेवढ्यापुरता उंबरठांशी सहमत. ज्युरीचा मुद्दा सोडलेला नाही.

उंबरठा:
दुभाषीबाई, तो चुलतभाऊ राहायचा कुठे?

दुभाषी_बाई:
पत्ता त्याच घराचा दिला होता.